मोठ्यांसाठी तायक्वांदो, गंगापूर रोड: सकाळच्या बॅचचे परीक्षण

नाशिकमध्ये तायक्वांदोचा वर्ग म्हटला की संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांत रांगेने ओरडणारी शाळकरी मुले आणि बाहेर स्कूटरवर बसून मोबाइल बघणारे पालक आठवतात. हे परीक्षण त्या बॅचचे नाही. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ६ ते ७.१५ या वेळात फक्त मोठ्यांसाठी बॅच चालते, तिचे आहे. वर्गाचे नाव मुद्दाम घालत नाही. खाली ज्या तक्रारी आहेत त्या इतरही बऱ्याच वर्गांना तशाच लागू पडतील, मग एकट्यावरच शिक्का कशाला?

आधी पैशांचे. महिन्याला १,५०० रुपये, तीन महिन्यांचे एकदम भरले तर ४,०००. प्रवेश फी नाही. दोबोक, म्हणजे तो पांढरा पोशाख, १,२०० रुपयांना वर्गातूनच मिळतो. दर तीन महिन्यांनी पट्ट्याची परीक्षा, तिचे ९०० वेगळे. वर्षाचा हिशोब मांडताना हा शेवटचा आकडा लोक विसरतात.

वर्गाच्या जाहिरातीत ‘कोरियन युद्धकलेतून जीवनाचे तत्त्वज्ञान’ असे शब्द आहेत. असल्या वाक्यावर विश्वास ठेवण्याआधी हॉलमध्ये जाऊन भिंत बघावी. भिंतीवर फ्लेक्स आहे आणि त्यावर पाच शब्द: येउई, यॉमची, इन्ने, गुक्की, बेक्जॉल बुल्गुल. खाली इंग्रजी अर्थ. तास सुटताना सगळे ते पाढे म्हटल्यासारखे म्हणतात आणि चपला घालतात. तत्त्वज्ञान एवढेच असते तर फ्लेक्सचा फोटो काढून घरी लावला असता, तीन महिन्यांचे ४,००० वाचले असते.

त्या पाच शब्दांबद्दल थोडे, कारण वर्गात कुणी सांगत नाही. ही पाच तत्त्वे रुळली ती कोरियन जनरल चोई होंग ही यांच्या आयटीएफ, म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन, या परंपरेतून. ती संघटना १९६६ साली निघाली. या वर्गात शिकवले जाणारे पूमसे, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, मात्र दुसऱ्या घराण्याचे आहेत: सोलमध्ये १९७२ साली उघडलेले कुक्कीवॉन, म्हणजे तायक्वांदोचे मुख्यालय, आणि १९७३ साली स्थापन झालेली, आज ‘वर्ल्ड तायक्वांदो’ या नावाने ओळखली जाणारी संघटना. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकांसाठी खेळला जाणारा प्रकार या दुसऱ्या घराण्याचा. म्हणजे भिंतीवर एक घराणे, चटईवर दुसरे. त्याने बिघडत काही नाही, जगभर असे चालते. पण शिकवणाऱ्याला हा फरक ठाऊक आहे का, हे विचारून बघावे. इथल्या सरांना ठाऊक होता, विचारल्यावर नीट सांगितला. विचारल्याशिवाय सांगत नाहीत, ही तक्रार आहेच.

शब्दांचे अर्थही इंग्रजीतून आल्यामुळे पातळ झालेत. ‘यॉमची’चे फ्लेक्सवर ‘इंटिग्रिटी’ केले आहे. मूळ शब्दातल्या ‘ची’चा अर्थ लाज. आपल्याकडे ‘जनाची नाही तर मनाची तरी’ म्हणतात, ती मनाची लाज म्हणजे यॉमची. ‘गुक्की’ म्हणजे शब्दशः स्वतःवर मात. ‘बेक्जॉल बुल्गुल’मधला ‘बेक’ म्हणजे शंभर: शंभरदा मोडले तरी न वाकणारा. सरांनी प्रत्येक शब्दाला आठवड्यातली पाच मिनिटे दिली तरी फ्लेक्सचे पैसे वसूल होतील.

या वर्गाची खरी कमाई मात्र भिंतीवर नाही, जमिनीवर आहे. पहिला पूमसे, तेगुक इल जांग, इथे ज्या सावकाशीने शिकवतात तसा फार कमी ठिकाणी शिकवला जातो. बहुतेक वर्गांत दोन आठवड्यांत अठरा पायऱ्या पाठ करून घेतात आणि परीक्षेला उभे करतात. इथे पूर्ण आठ आठवडे. त्यातले पहिले दोन नुसते उभे राहण्यात जातात, आणि इथेच अर्धी मंडळी कंटाळून गळतात.

उभे राहण्यात शिकायचे काय, असे वाटेल. दोन पवित्रे आहेत. अप सोगी म्हणजे चालता चालता थबकल्यासारखे उभे राहणे: पुढच्या पायाची टाच आणि मागच्या पायाचा अंगठा यांत साधारण एका तळपायाच्या लांबीएवढे अंतर, दोन्ही गुडघे सहज सरळ, वजन दोन्हीकडे सारखे. अप कुबी लांब: चालण्याच्या सुमारे दीड पावलाएवढा, दोन पायांच्या रेषांमध्ये मुठीएवढी रुंदी, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा ताठ, मागचे पाऊल तिरपे सुमारे ३० अंश, वजनाचा दोन तृतीयांश भाग पुढे. पुढचा गुडघा किती वाकवायचा याची खूण सोपी आहे: छाती सरळ ठेवून खाली नजर टाका, गुडघा आणि पायाची बोटे एका ओळीत दिसली पाहिजेत. बोटे पुढे दिसली तर गुडघा कमी वाकलाय. बोटे दिसेनाशी झाली तर जास्त वाकलाय, आणि ताण गुडघ्याच्या वाटीवर येतो.

चूक कुठे होते? मागच्या पायाची टाच उचलली जाते. खुर्चीवर बसून पोटऱ्या आखडलेल्या माणसाची तर हमखास. टाच उचलली की मागचा गुडघा वाकतो, कंबर वर-खाली हलते आणि ठोशाचा जोर चटईत जायचा तो हवेत जातो. सर इथे काठी घेऊन फिरत नाहीत, फक्त मागच्या टाचेखाली पट्ट्याचे टोक सरकवून ओढून बघतात. निघाले तर पुन्हा उभे राहा. दोन आठवडे हेच.

यानंतर पूमसेचा नकाशा जमिनीवर उलगडायला लागतो. एक उभी रेघ आणि तिच्यावर तीन आडव्या. पहिल्या आडव्या रेघेवर खालचा बचाव, आरे माक्की, आणि ठोसा. दुसरीवर छातीच्या उंचीचा आतला बचाव आणि उलट्या हाताचा ठोसा. तिसरीवर चेहऱ्याच्या वरचा बचाव, समोरची लाथ अप चागी, ठोसा. म्हणजे पोट, छाती, डोके या क्रमाने हात वर चढत जातो. तेगुकचे आठ पूमसे आठ त्रिरेषांवर, म्हणजे तीन-तीन रेघांच्या खुणांवर, बेतलेले आहेत आणि पहिली त्रिरेषा ‘गॉन’, तीन अखंड रेघांची, म्हणजे आकाश. त्यातल्या चार त्रिरेषा दक्षिण कोरियाच्या झेंड्याच्या चार कोपऱ्यांत आहेत, मधोमध लाल-निळे वर्तुळ. सरांनी हे झेंड्याचे चित्र मोबाइलवर दाखवून समजावले, दहा मिनिटांत. तीन महिन्यांत ज्याला तत्त्वज्ञान म्हणता येईल असे काही सांगितले गेले असेल तर ते या दहा मिनिटांत, आणि ते पायांना आधीच कळलेले असल्यामुळे डोक्यात बसले.

सगळ्यांची गाडी अडते ती दुसऱ्या आडव्या रेघेवर. पहिल्या रेघेवर जो पाय पुढे त्याच बाजूचा हात ठोसा मारतो: उजवा पाय, उजवी मूठ. दुसऱ्या रेघेवर उलटे: डावा पाय पुढे, ठोसा उजव्याचा. शिवाय पहिली रेघ डावीकडून सुरू होते आणि दुसरी उजवीकडून. पाठांतर करणारा इथे हमखास अडखळतो, हात आपोआप जुन्या बाजूने निघतो. यावर सरांचा तोडगा असा, की आधी हातांशिवाय नुसते पाय चालवायचे, दहा वेळा. मग जागेवर उभे राहून नुसते हात. मग दोन्ही एकत्र, पण निम्म्या वेगाने आणि मोजणी तोंडाने: हाना, दुल, सेत, नेत. वेग शेवटी. साधी गोष्ट आहे, पण तबल्याच्या क्लासमध्ये जे आपण निमूट मान्य करतो ते इथे करायला लोक तयार नसतात.

आरे माक्कीतली एक बारीक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी. बचाव करणारी मूठ विरुद्ध खांद्यापासून निघते, तळहाताची बाजू चेहऱ्याकडे. मांडीच्या वर साधारण दोन मुठींच्या अंतरावर थांबते आणि थांबता थांबता मनगट फिरते. त्याच वेळी दुसरा हात कमरेला ओढला जातो. नवखे लोक खाली जाणाऱ्या हाताकडे बघत बसतात आणि ओढणारा हात विसरतात. दोन्ही हात एकाच क्षणी थांबले की दोबोकच्या बाहीचा ‘फट्’ असा आवाज येतो. दोन वेगळे आवाज आले तर समजावे, हात मागेपुढे झाले.

अठराव्या पायरीला ठोसा आणि कीहाप, म्हणजे पोटातून काढलेली आरोळी. श्वास सोडत आवाज काढायचा, घशातून किंचाळायचे नाही. सोसायटीतले लोक झोपलेले असतात म्हणून इथे आरोळी अर्ध्यावर दाबायला सांगतात. समजण्यासारखे आहे, पण दाबलेल्या कीहापने पोटाचा स्नायू आवळला जात नाही, आणि ती सवय मोडायला पुढे वेळ लागतो. सगळे नीट जमले तर पूमसे सुरू केला तिथेच संपतो. सर सुरुवातीच्या जागी चटईवर खडूची फुली मारतात. शेवटी पाय फुलीपासून हातभर दूर असला, तर मधे कुठेतरी पवित्रा लांबला किंवा आखडला. कुणी चूक दाखवायची गरज उरत नाही. गुक्की म्हणजे काय, हे त्या फुलीएवढे स्पष्ट भिंतीवरच्या फ्लेक्सने कधी सांगितले नसते.

लाथांच्या बाबतीत वर्ग चांगला आहे, एका अटीवर. दोल्यो चागी, म्हणजे बाजूने फिरून येणारी लाथ, शिकवताना सर एकच वाक्य शंभरदा म्हणतात: “काका, आधी टाच, मग लाथ.” पन्नाशीच्या माणसाला काका म्हणूनच सांगतात, ओरडत नाहीत. कारण असे: ज्या पायावर उभे आहोत त्याची टाच लाथ लागेपर्यंत लक्ष्याकडे वळलेली हवी. टाच उचलून, पावलाच्या पुढच्या गादीवर फिरायचे. ती फिरली नाही की कंबर वळते, पाऊल जागेवर चिकटते आणि सगळा पीळ मधल्या गुडघ्यावर. घामाने ओल्या झालेल्या रबरी चटईवर पाय जास्तच चिकटतो, म्हणून शेवटच्या पंधरा मिनिटांत या लाथा करू नयेत. नेमके त्याच वेळी इथे पॅडवरच्या लाथा ठेवलेल्या आहेत. हा क्रम उलटा हवा.

अप चागीत पायाची बोटे मागे ओढून तळव्याच्या पुढच्या गादीने मारायचे. बोटे सरळ राहिली तर पहिल्याच पॅडवर अंगठा मुरगळतो. आणि हवेत लाथ मारताना गुडघा पूर्ण झटकून सरळ करू नये, किंचित वाक ठेवावा. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांचे गुडघे दुखतात ते बहुधा या हवेतल्या झटक्यांनी.

आता चटया. २० मिलिमीटरच्या, एकमेकींत अडकणाऱ्या फोमच्या, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी. लाथा-पूमसेला जाडी पुरते. पडण्याचा सराव करायचा तर पुरत नाही, आणि तो इथे करूही नये. दोष जाडीचा नाही, बसवण्याचा आहे. कडेच्या ओळीला एका बाजूला भिंतीचा आधार नाही, त्यामुळे फिरत्या लाथांत चटया सरकतात, फट पडते आणि पायाची करंगळी तीत अडकते. दर अर्ध्या तासाने कुणीतरी त्या पायाने ठोकून बसवतो. कडेला लाकडी पट्टी मारली तर प्रश्न मिटेल. सोसायटी परवानगी देत नाही म्हणतात.

दोबोकचे १,२०० रुपये थोडे जास्त आहेत, पण कापड सुती-पॉलिएस्टर मिश्र आणि जाळीदार विणीचे आहे, त्यामुळे मांडीला चिकटत नाही. निव्वळ सुती घेतला तर पहिल्या धुण्यात आखडतो. माप उंचीवरून सेंटिमीटरमध्ये असते: १६५ उंचीला १७० घ्यावा. गळा इंग्रजी व्ही आकाराचा, रंगीत पट्टेवाल्यांना पांढरा. काळा गळा काळ्या पट्ट्यानंतर. नाशिकच्या पावसाळ्यात एक जोड वाळत नाही. ओला गुंडाळून पिशवीत राहिला तर दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये दोन जोड ठेवा, किंवा वर्गाला विचारून टी-शर्टवर जा. पट्टा धुवायचा नसतो, धुतला तर मेहनत वाहून जाते, अशी एक समजूत सगळीकडे आहे. घाम मात्र वाहून जात नाही, हे शेजारी उभ्या राहणाऱ्याला विचारा.

पट्टा बांधण्याचीही गंमत आहे. मधोमध बेंबीवर धरून दोन्ही टोके मागून फिरवून पुढे आणायची, वरचे टोक सगळ्या थरांच्या खालून वर काढायचे, मग गाठ. दुसरी गाठ पहिलीच्या उलट दिशेने मारायची. दोन्ही एकाच दिशेने मारल्या तर टोके आडवी न पडता एक वर, एक खाली अशी उभी राहतात आणि दहा मिनिटांत गाठ सुटते. टोके समान लांबीची हवीत. सर दारातच गाठ बघतात. हॉलमध्ये शिरताना वाकून नमस्कारही करायला लावतात. काहींना हे परके वाटते. तालमीत उतरताना लाल माती कपाळाला लावणाऱ्या गावात ते परके वाटायचे कारण नाही.

क्योरुगी, म्हणजे समोरासमोरची लढत, हा वर्गाचा कच्चा भाग. छातीरक्षक सहा, माणसे चौदा, मापे दोनच. शिरस्त्राणांना कुबट वास येतो, कारण ती बंद पेटीत जातात. दातांचे रक्षक वर्गात देत नाहीत, ते बरोबरच आहे, पण स्वतःचे आणा म्हणून सक्तीही करत नाहीत, ते चूक. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा साधा प्रकार खेळाच्या साहित्याच्या कोणत्याही दुकानात मिळतो. तो घेतल्याशिवाय लढतीला उभे राहू नये. ज्यांना स्पर्धा खेळायच्या आहेत त्यांनी हा वर्ग निवडू नये. पंचवटीतल्या विभागीय क्रीडा संकुलात चौकशी करावी.

मुख्य तक्रार परीक्षेची. तीन महिने झाले की सगळे बसतात आणि सगळे पास होतात. ज्या वर्गात खडूच्या फुलीवर इतका कडक हिशोब असतो, त्याच वर्गात पट्ट्याचा हिशोब एवढा ढिला का? फुलीपासून हातभर दूर संपवणाऱ्यालाही पिवळा पट्टा मिळतो. यॉमची शब्द तेव्हा भिंतीवरूनच बघत असतो. परीक्षा ऐच्छिक आहे असे विचारल्यावर कळते. तेव्हा सरळ सांगा, मी सहा महिन्यांनी बसेन. इथे कुणी वाईट वाटून घेत नाही.

पुढे काळ्या पट्ट्याचा विचार असेल तर सुरुवातीलाच विचारा, की दाखला कुक्कीवॉनचा मिळेल की संस्थेचा. दोन्हींत फरक आहे. कुक्कीवॉनचा क्रमांक पडताळता येतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना ‘दान’, म्हणजे काळ्या पट्ट्याची श्रेणी, मिळत नाही, ‘पूम’ ही मुलांची श्रेणी मिळते, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाला कुणी ‘फर्स्ट दान’ देऊ केला तर तिथून निघावे. पहिल्या दानानंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष, तिसऱ्यासाठी आणखी दोन वर्षे थांबावे लागते.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला नाशिकची थंडी हाडांत शिरते आणि हॉलच्या खिडक्या उघड्याच असतात. वॉर्मअप दहा मिनिटांचा ठेवलाय, तो या दोन महिन्यांत वीस हवा. आधी जागेवर उड्या, पाय पुढे-मागे झुलवणे. ताणून धरण्याचे व्यायाम तासाच्या शेवटी. थंड शरीराने पहिल्याच महिन्यात पाय फाकवून बसायचा हट्ट केला की मांडीच्या मागची शीर बसण्याच्या हाडापाशी दुखावते आणि ते दुखणे महिनोन्महिने जात नाही. सर अडवत नाहीत, स्वतःच आवरावे.

पहिला तास फुकट आहे, बुधवारी जावे, त्या दिवशी पूमसे असतो. खाली दुचाकीला जागा आहे, चारचाकी गल्लीत लावली तर सव्वासातला स्कूलव्हॅन अडकते आणि वॉचमन वर येतो. आणि जाण्याआधी पायाची नखे कापा. जोडीच्या सरावात समोरच्याच्या पोटरीवर ओरखडा उठतो, आणि ते सांगायची हिंमत नवख्याला होत नाही.